धूळ आज, दावा तीस वर्षांनी : अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांचे भरपाई न्यास कसे चालतात?

सातपाटीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की एका बाजूला बोटींची रांग दिसते आणि दुसऱ्या बाजूला घरांच्या छपरांची. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पत्रा फार काळ टिकत नाही, म्हणून कोकणपट्टीत सिमेंटचा पन्हळी पत्रा सर्वत्र रूढ झाला. या पत्र्यात सिमेंटला बळकटी देणारा जो तंतू मिसळला जातो, तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. सातपाटीच्या उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. वाफेच्या नळ्या, बॉयलर, भट्ट्या यांच्याभोवतीचे जुने उष्णतारोधक लगिंग, यंत्रांची पॅकिंग, गॅसकेट यांतही जगभर अनेक दशके हेच खनिज वापरले गेले. कारखान्यात स्फोट झाला की त्याची बातमी होते, मृतांची नावे छापून येतात, भरपाईची घोषणा होते. परंतु तंतुमय धूळ श्वासावाटे छातीत शिरते तेव्हा कोणताही आवाज होत नाही. आजार प्रकट होतो तो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, ठेकेदार बदललेला असतो आणि कंपनीचे नावही कदाचित पुसले गेलेले असते. अशा वेळी भरपाई कोणी द्यावी आणि कोणत्या पैशातून?

या प्रश्नाला जगाने दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत मोठे, आणि तितकेच वादग्रस्त, उत्तर म्हणजे अमेरिकेतील अ‍ॅस्बेस्टॉस भरपाई न्यास. हे न्यास नेमके कसे चालतात आणि त्यांचा महाराष्ट्राशी काय संबंध आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आजार आणि त्याचे वेळापत्रक

अ‍ॅस्बेस्टॉस हे जमिनीतून काढले जाणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, कुजत नाही, आम्लाला सहसा दाद देत नाही आणि स्वस्त आहे. म्हणूनच विसाव्या शतकात ते छपरांपासून गाड्यांच्या ब्रेकपर्यंत सर्वत्र पोहोचले. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतले की शरीर ते सहजासहजी बाहेर टाकू शकत नाही. त्यातून प्रामुख्याने तीन विकार संभवतात : फुप्फुस हळूहळू कडक होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग निर्माण करतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणी आलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरण पावतात.

न्यासाची सारी रचना या आजाराच्या विलंबाभोवती उभी आहे. अपघातात किती माणसे जखमी झाली हे त्याच दिवशी मोजता येते. येथे मात्र आज निरोगी दिसणारा कामगार पुढच्या वीस वर्षांत रुग्ण होऊ शकतो. म्हणजे जे दावेदार अद्याप अस्तित्वातच आलेले नाहीत, त्यांच्यासाठी आजच पैसा राखून ठेवावा लागतो.

दिवाळखोरीतून जन्मलेला निधी

अमेरिकेत कामगाराला आपल्या मालकाविरुद्ध सहसा ठरावीक विमा-भरपाईपलीकडे दावा करता येत नाही. तथापि, ज्या कंपनीने धोक्याची सूचना न देता अ‍ॅस्बेस्टॉसचा माल विकला, तिच्याविरुद्ध तो दावा करू शकतो. १९७३ साली बोरेल विरुद्ध फायबरबोर्ड या खटल्यात तेथील संघीय अपील न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले आणि दाव्यांचा पूर आला. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल या त्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्या वेळी कंपनी तोट्यात नव्हती. परंतु तिच्यावर सुमारे साडेसोळा हजार दावे चालू होते आणि त्याहून कितीतरी अधिक दावे पुढे येणार हे उघड होते.

न्यायालयाने यातून जो मार्ग काढला तो अभिनव होता. कंपनीने आपले समभाग, रोखे आणि विम्याची रक्कम एका स्वतंत्र न्यासाकडे सोपवायची. यापुढे अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रत्येक दावा कंपनीकडे न जाता या न्यासाकडेच जाईल. त्या बदल्यात कंपनीला दाव्यांच्या ओझ्यातून मुक्त होऊन व्यवसाय चालू ठेवता येईल. मॅनव्हिल न्यासाचे काम १९८८ साली सुरू झाले. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने दिवाळखोरी कायद्यात ५२४(ग) हे कलम घालून या पद्धतीला रीतसर कायदेशीर आधार दिला.

या कलमाच्या काही अटी मुद्दाम लक्षात घेण्याजोग्या आहेत. मतदान करणाऱ्या विद्यमान दावेदारांपैकी किमान ७५ टक्के लोकांची योजनेला संमती हवी. भविष्यातील अज्ञात दावेदारांच्या हितासाठी न्यायालयाने स्वतंत्र प्रतिनिधी नेमला पाहिजे. कंपनीच्या किंवा तिच्या मूळ कंपनीच्या बहुसंख्य समभागांवर, ठरावीक परिस्थितीत, न्यासाला हक्क सांगता आला पाहिजे. आणि आजच्या रुग्णाला व उद्याच्या रुग्णाला जवळपास सारख्याच मापाने पैसे मिळतील अशी व्यवस्था असली पाहिजे.

दावा कसा तपासला जातो?

न्यासाकडे न्यायाधीश नसतो आणि उलटतपासणीही नसते. असते ती छापील नियमावली. दावेदाराने साधारणतः तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. पहिली, आजार : डॉक्टरांचे निदान, क्ष-किरण चित्र, श्वसनक्षमतेची चाचणी किंवा पेशींची तपासणी. दुसरी, संपर्क : त्या विशिष्ट कंपनीच्या मालाशी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वर्षी आणि किती काळ संबंध आला. तिसरी, कालावधी : पहिला संपर्क आणि निदान यांत पुरेशी वर्षे गेली आहेत काय, आणि दावा मुदतीत दाखल झाला आहे काय. अनेक न्यासांच्या नियमावलीत घरच्या माणसांचाही विचार केलेला आहे. कामगाराचे धुळीने माखलेले कपडे धुताना पत्नीच्या श्वासात तंतू गेले असतील, तर तिलाही दावा करता येतो.

कागदपत्रे पूर्ण असतील तर आजाराच्या प्रकारानुसार आधीच ठरवलेली रक्कम लागू होते. ही जलद पद्धत. ज्याचे प्रकरण चौकटीत बसत नाही, त्याची वैयक्तिक छाननी होते. अमेरिकेबाहेरच्या दावेदारांच्या प्रकरणांची अशी स्वतंत्र छाननी करण्याची तरतूद बहुतेक न्यासांत आढळते.

यानंतर येतो तो या व्यवस्थेतील सर्वांत कळीचा, आणि दावेदाराला सर्वाधिक धक्का देणारा भाग. ठरलेली रक्कम पूर्ण दिली जात नाही. न्यासाकडे एकूण किती पैसा आहे आणि पुढील अनेक वर्षांत किती दावे येतील याचा हिशेब करून तज्ज्ञ एक टक्केवारी ठरवतात. समजा, मेसोथेलिओमासाठी ठरलेली रक्कम दोन लाख डॉलर आहे आणि टक्केवारी दहा आहे, तर दावेदाराच्या हाती वीस हजार डॉलरच पडतात. मॅनव्हिल न्यासाने सुरुवातीला पूर्ण रक्कम देण्यास आरंभ केला आणि दोन-तीन वर्षांतच तिजोरी कोरडी पडली. १९९० मध्ये न्यायालयाला देणी थांबवावी लागली. १९९५ मध्ये नवी योजना आली तेव्हा दावेदाराला ठरलेल्या रकमेच्या १० टक्के मिळू लागले, २००१ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले आणि २००८ मध्ये ते साडेसात टक्के करण्यात आले. आज रांगेत पुढे असलेल्याला सारे देऊन टाकले, तर वीस वर्षांनी येणाऱ्याला काहीच उरणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो निष्ठुर वाटला तरी चुकीचा नाही.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ साली दिलेल्या अहवालानुसार तोवर असे सुमारे ६० न्यास स्थापन झाले होते आणि १९८८ ते २०१० या काळात त्यांनी सुमारे ३३ लाख दाव्यांपोटी साडेसतरा अब्ज डॉलर वाटले होते. एकाच कामगाराचा अनेक कंपन्यांच्या मालाशी संबंध आलेला असतो. म्हणून तो अनेक न्यासांकडे स्वतंत्र दावे करू शकतो.

घाटकोपरचा धागा

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. परंतु त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. घाटकोपरला १९५६ साली हिंदुस्तान फेरोडो ही कंपनी सुरू झाली. गाड्यांचे ब्रेक लायनिंग, क्लच आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड तेथे तयार होत असे. तिच्यामागे टर्नर अँड न्यूऑल ही ब्रिटिश कंपनी होती. पुढे विदेशी कंपनी बाहेर पडली आणि कारखान्याचे नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झाले.

टर्नर समूहाला धुळीचा धोका ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या रॉचडेल येथील कारखान्यात काम केलेल्या नेली केर्शा या स्त्रीचा १९२४ साली मृत्यू झाला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने झालेल्या मृत्यूची वैद्यकीय वाङ्मयातील ही पहिली सविस्तर नोंद मानली जाते. कंपनीने तिच्या कुटुंबाला भरपाई नाकारली होती. १९३१ मध्ये ब्रिटनने या धुळीसंबंधी नियम केले. घाटकोपरचा कारखाना त्यानंतर पंचवीस वर्षांनी उभा राहिला.

मुंबईच्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कारखान्यातील कामगारांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २२ टक्के कामगारांत अ‍ॅस्बेस्टॉसिसची लक्षणे आढळली. म्हणजे दर पाच जणांमागे एकाहून अधिक.

इकडे टर्नर अँड न्यूऑल १९९८ मध्ये फेडरल-मोगल या अमेरिकी कंपनीने विकत घेतली आणि तिच्यासोबत आलेल्या दाव्यांच्या ओझ्याखाली १ ऑक्टोबर २००१ रोजी फेडरल-मोगलने दिवाळखोरीचा अर्ज केला. डिसेंबर २००७ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली, तेव्हा तिचे ५०.१ टक्के समभाग अ‍ॅस्बेस्टॉस न्यासाकडे देण्यात आले होते. अशा रीतीने ज्या कंपनीच्या भांडवलावर घाटकोपरचा कारखाना उभा राहिला, तिच्या उत्तरदायित्वाची जबाबदारी परदेशातील निधीवर आली. कारखान्यातील माजी कामगार व त्यांच्या कुटुंबीयांचे दावे तेथवर नेण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घेतले. त्यातील अडचण काय होती, हे सांगण्याची गरज नाही. हजेरीचा पुरावा, कामाच्या खात्याचा पुरावा, निदानाचा पुरावा, म्हणजे पुन्हा कागदच.

आक्षेप दोन्ही बाजूंनी

न्यासांवर टीका करणाऱ्यांची कमतरता नाही. पीडितांच्या बाजूचा मुख्य आक्षेप असा की, धडधाकट कंपन्या दिवाळखोरीचा आडोसा घेऊन न्यायालयीन चौकशीतून सुटतात आणि पीडिताच्या हाती टक्केवारी पडते. जॉन्सन अँड जॉन्सनने टाल्क पावडरसंबंधीचे दावे एका नव्या उपकंपनीकडे वळवून तिची दिवाळखोरी जाहीर करण्याचा प्रयत्न तीनदा केला. अमेरिकी न्यायालयांनी तो मान्य केला नाही. तिसरा नकार मार्च २०२५ मधला आहे. उलट बाजूने कंपन्यांचा आक्षेप असा की, काही वकील एका न्यासापुढे एक आणि न्यायालयापुढे दुसरी हकिकत मांडतात. २०१४ साली गारलॉक कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने अशा प्रकारांची गंभीर दखल घेतली होती.

म्हणूनच अनेक देशांनी निराळी वाट धरली. फ्रान्सने २००० सालच्या कायद्याने अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांसाठी राष्ट्रीय निधी उभारला. जपानमध्ये २००५ साली कुबोटा कंपनीच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या लोकांतही आजार आढळल्याचे उघड झाले आणि २००६ मध्ये, कामगार नसलेल्या रुग्णांसाठीही मदतीचा कायदा झाला. ब्रिटनने २०१४ साली, ज्यांचा मालक किंवा विमा कंपनी सापडत नाही अशा मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी योजना आणली आणि तिचा भार विमा कंपन्यांवर टाकला. या सर्वांत सूत्र एकच : कंपनी नाहीशी झाली तरी देणे नाहीसे होता कामा नये.

आपल्याकडे काय आहे?

भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या रुग्णांसाठी असा कोणताही स्वतंत्र न्यास नाही. नव्या खाणींना परवाने देणे १९८६ मध्ये थांबले, परंतु आयात चालू आहे आणि पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या जगातील सर्वांत मोठ्या ग्राहकांत आपली गणना होते. साठांहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. अमेरिकेनेही मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम जाहीर केला.

आपल्याकडे १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा यांनी अ‍ॅस्बेस्टॉसिसला व्यवसायजन्य आजार मानले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर दिलेला निकाल मात्र आजही मार्गदर्शक आहे. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर, ठेवण्याचा आदेश दिला. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईही ठरवली. चाळीस वर्षांचा हा आकडा आजाराच्या विलंबाशी जुळणारा आहे.

निधीची कल्पना आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. राजस्थानने २०१९ च्या धोरणानुसार सिलिकोसिस व तत्सम आजारांच्या रुग्णाला निदानानंतर तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये देण्याची व्यवस्था केली. तेथे रुग्णाला मालक कोण हे सिद्ध करत बसावे लागत नाही. खाणकामात दर सहा महिन्यांनी मालक बदलणाऱ्या मजुरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

सातपाटीचा अनुभव

तारापूर वसाहतीच्या परिसराला भरपाईचा एक वेगळा धडा मिळालेला आहे. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात व खाड्यांत जाते, त्यामुळे मासेमारी धोक्यात आली, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीसह किनाऱ्यावरील गावांचा प्रश्न त्यात होता. न्यायाधिकरणाने नेमलेल्या समितीने पर्यावरणाच्या हानीचे मूल्य सुमारे १६० कोटी रुपये काढले आणि जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखान्यांना जबाबदार धरणारा आदेश झाला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पर्यावरण भरपाई ही मुख्यतः बिघडलेले पाणी व माती सुधारण्यासाठी असते. ती आपोआप मच्छीमाराच्या खिशात येत नाही. व्यक्तीला झालेल्या हानीसाठी व्यक्तीने स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यानुसार भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. शिवाय त्या कायद्यातील मृत्यू व इजेच्या भरपाईचे कलम कामगाराला वगळते. कामगाराने कामगार कायद्याकडेच जायचे. ज्याचा आजार तीस वर्षांनी प्रकटतो आणि ज्याचा मालक तोवर उरलेला नसतो, त्याच्यासाठी या दोन दारांमध्ये मोठी भिंत आहे. अमेरिकी न्यास ही भिंत पाडतो, कारण तो कामगार आणि शेजारी असा भेद करत नाही. धूळ कोणत्या मालाची होती, एवढेच विचारतो.

न्यास होईल तेव्हा होईल, कागद आज हवा

जगातील कोणताही निधी पुराव्याशिवाय पैसे देत नाही. बोईसरच्या वसाहतीत जव्हार-मोखाड्याहून किंवा बिहार-ओडिशातून आलेला कंत्राटी कामगार जुने लगिंग फोडतो, तेव्हा त्याचे नाव कारखान्याच्या नव्हे, ठेकेदाराच्या वहीत असते, आणि कधी तेथेही नसते. म्हणून नियुक्तीपत्र, हजेरीचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, विमा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि छातीची जुनी क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत. डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ खोकला सांगू नये, कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले हेही सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. दीर्घ दमा किंवा क्षय म्हणून उपचार चालू राहिले आणि कामाची नोंदच झाली नाही, तर पुढे कोणताही दावा उभा राहत नाही.

घरमालकांसाठीही एक सूचना आवश्यक आहे. शाबूत पत्र्यापासून धोका कमी असतो. तो कापताना, घासताना व फुटताना तंतू हवेत उडतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांची छपरे उडाली. असे तुकडे कोरडे झाडू नयेत, पाणी मारून ओले करावेत, तोंडावर योग्य मुखपट्टी लावावी, आणि ते भरावात किंवा अंगणात टाकू नयेत.

धोरणकर्त्यांपुढील प्रश्न याहून मोठा आहे. अ‍ॅस्बेस्टॉसची आयात चालू असेपर्यंत, प्रत्येक आयात टनावर अल्प उपकर बसवून भावी रुग्णांसाठी निधी उभारणे अशक्य नाही. मॅनव्हिलचा अनुभव सांगतो की, असा निधी दाव्यांचा पूर आल्यावर उभारला, तर पीडिताच्या वाट्याला पाच-दहा टक्केच येतात. आज तारापूर असो वा घाटकोपर, ज्यांच्या छातीत धूळ साठते आहे त्यांचे दावे २०५० च्या आसपास येतील. त्या दाव्यांसाठी पैसा बाजूला काढण्याची वेळ मात्र आताची आहे.